पाचशे वॅटचा हीटर

"अडीचशेचे दोन घ्या भाऊ. पाचशेचा एक नको," तांबोळीभाई तिसऱ्यांदा म्हणाले.

त्यांचं माशांचं दुकान एवढंसं, की दोन गिऱ्हाइकं आत शिरली तर तिसऱ्याने फुटपाथवर थांबायचं. मी आत होतो, वहिनी दारात. जानेवारीचा पहिला रविवार होता आणि नाशिकमध्ये भर दुपारी लोक स्वेटर घालून हिंडत होते. वहिनींच्या हातात एक कागद होता. शिवणकामाच्या टेपने त्यांनी घरची टाकी मोजून आणली होती. लांबी पाच फूट, उंची दोन फूट, रुंदी पावणेदोन.

"म्हणजे साडेचारशे लिटर धरा," तांबोळीभाई म्हणाले. "लिटरला एक वॅट, थंडी असेल तर किंचित जास्त. पण सगळा भार एकावर टाकू नका. टाकीच्या दोन टोकांना दोन लावा. एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो. आणि समजा एखादा अडकला, आपोआप बंद झालाच नाही, तरी एकटा अडीचशेवाला एवढं पाणी किती तापवणार? पाचशेवाला अडकला तर माशांची आमटी होते."

"मग दोनच घेऊ या ना, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मी हसलो. ते हसणं मला आजही आठवतं, कारण तसा मी तेव्हा बराच हसत असे. सातपूरच्या एका कारखान्यात मी भट्ट्या सांभाळायचो. गिअर लालबुंद तापवून कडक करायचे, ते आमचं खातं. साडेआठशे अंशांची भट्टी मी पाच अंशही इकडेतिकडे होऊ देत नसे, आणि हा माणूस मला सत्तावीस अंशांचं पाणी कसं सांभाळायचं ते शिकवत होता.

"तांबोळीभाई, दोन हीटर म्हणजे दोन थर्मोस्टॅट," मी म्हणालो. "दोघांचं आपसात जुळणार नाही. एक म्हणणार सत्तावीस, दुसरा म्हणणार एकोणतीस. त्यापेक्षा एकच घ्यायचा आणि तो नीट लावायचा. पाचशेचा द्या."

त्यांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदाची घडी करून पर्समध्ये ठेवली. तांबोळीभाईंनी खोका दिला. वर एवढंच म्हणाले, "सील तेवढं उघडू नका."

टाकी माझ्या थोरल्या भावाची, प्रभाकरदादाची. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्याने ती हौसेने करवून घेतली होती. तिच्यात दोन ऑस्कर मासे होते, हातभर नाही पण वीतभर नक्की, आणि खाली पाच-सहा छोटे. ऑस्कर माणूस ओळखतो. दादा खोलीत आला की दोघंही काचेला तोंड लावून उभे राहायचे, आम्ही गेलो की ढुंकूनही बघायचे नाहीत. दिवाळीनंतर दादाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. अक्षरंही गेली, म्हणजे डाव्या हातात पेन दिलं तरी नुसत्या रेघा. तोंडून फक्त 'हां' आणि 'ना' निघायचं. वहिनींनी त्याचा पलंग दिवाणखान्यात टाकीसमोर आणला. दिवसभर तो मासे बघत पडून असायचा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मन रमेल तेवढं बरं. मुलगी पुण्याला, तिचं बाळ लहान. तेव्हा घरात ही दोघं आणि ते मासे.

आणि मी. कारण दादाला काय म्हणायचंय ते मला कळायचं. लहानपणी आम्ही एका अंथरुणात झोपलो. वडिलांसमोर बोलायची सोय नव्हती, त्यामुळे डोळ्यांनी बोलायची सवय. भुवई उचलली, डावा हात हलवला, की मी सांगायचो, "उशी उंच झालीय," "उन्हाचा पडदा लावा." तसंच असायचं. वहिनी बिचाऱ्या चार चार वस्तू आणून दाखवायच्या, दादा चिडून 'ना ना' करायचा, मग त्या मला फोन करायच्या. शेजारच्या कोठावदे काकूंना त्या कौतुकाने सांगायच्या, "ह्यांचं बोलणं दिगूभाऊजींनाच कळतं." मलाही त्याचा अभिमान होता.

तीन दिवसांपूर्वी जुना हीटर जळाला होता आणि एका ऑस्करच्या अंगावर पांढरे ठिपके आले होते. घरी आल्यावर मी नवा हीटर बादलीतल्या पाण्यात सोडून तपासला. कारखान्यातून मी खास मोजणीचं यंत्र आणलं होतं. हीटरचा नॉब सत्तावीसवर होता आणि पाणी भरत होतं एकोणतीस. दोन अंशांचा फरक. तो तसाच सोडला असता, नॉब पंचवीसवर ठेवला असता, तरी काम झालं असतं. कुणीही तेच केलं असतं. पण मी भट्टीवाला. आमच्याकडे काटा चुकीचा असला तर तो दुरुस्त करतात, मनातल्या मनात वजाबाकी करत बसत नाहीत.

मी हीटर कोरडा केला आणि त्याच्या डोक्यावरचं रबरी सील सुरीने कापलं.

"ना," दादा म्हणाला. डावा हात वर करून तो जोरात हलवत होता. "ना. ना."

"काय म्हणतायत?" वहिनी स्वयंपाकघरातून आल्या.

"काही नाही. काळजी वाटतेय त्याला."

"उघडू नका म्हणत असतील. दुकानदारही म्हणाले होते."

"वहिनी, हे माझं रोजचं काम आहे."

आतला स्क्रू मी पाव फेरा फिरवला. सत्तावीस म्हणजे बरोबर सत्तावीस झालं. मग सिलिकॉन लावून डोकं पुन्हा बंद केलं. सिलिकॉन पुरतं वाळायला एक दिवस लागतो, हे मला माहीत होतं. पण मासे थंडीत होते आणि मला संध्याकाळी घरी जायचं होतं. दोन तासांनी मी हीटर टाकीत लावला. काचेवर चिकटवलेली तापमानाची पट्टी होती, तीही काढून फेकली. खेळणं आहे म्हणालो, पुढच्या आठवड्यात चांगलं तापमापक आणून लावतो. ते मी आणलं नाही.

दहा दिवसांनी संक्रांत होती. कोठावदे काकूंकडे हळदीकुंकू होतं आणि दादा आजारी पडल्यापासून वहिनी घराबाहेर अशा गेल्याच नव्हत्या. मीच आग्रह केला होता, तुम्ही जा, मी अर्धी रजा टाकून दोनला दादाजवळ बसायला येतो. त्या दिवशी साडेअकराच्या सुमारास त्यांचा कारखान्यात फोन आला.

"भाऊजी, हे सकाळपासून सारखे ओरडतायत. टाकीकडे हात करतात. मी माशांना दाणे टाकले, तरी ना ना चाललंय. मासेही वर येऊन तोंड उघडतायत, पण खात नाहीत. काय हवं असेल यांना?"

माझ्यासमोर भट्टीचं दार उघडलं होतं, माल बाहेर काढायचा होता. "टीव्ही लावा," मी म्हणालो. "टीव्ही टाकीच्याच बाजूला आहे ना? संक्रांतीचं काही बघायचं असेल."

"लावून बघते."

टीव्ही! इतकी वर्षं त्याचे डोळे वाचणारा मी, आणि त्या दिवशी फोनवर अंदाजाने ठोकून दिलं.

दोनला येतो म्हटलं होतं, पोचलो अडीचला. दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनी माझ्या भरवशावर दोनलाच शेजारी गेल्या होत्या, भिंतीपलीकडून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. टीव्ही मोठ्याने चालू होता. दादा ओरडून ओरडून दमला होता, घसा बसला होता. मला बघताच त्याने डावा हात टाकीकडे केला आणि तसाच धरून ठेवला.

छोटे मासे सगळे वर तरंगत होते, पोटं वर करून. एक ऑस्कर लाकडाच्या ओंडक्याला टेकून आडवा पडला होता. काचेच्या वरच्या बाजूला वाफ धरली होती. पाण्यात हात घातला. आपण थंडीत अंघोळीला घेतो तसलं पाणी.

आधी प्लग काढला. मग हीटर वर उचलून पाहिला. काचेच्या नळीच्या आत, मी बंद केलेल्या डोक्याच्या खाली, पाण्याचे थेंब होते. सिलिकॉन एका बाजूने सुटलं होतं. ओल आत गेली होती आणि थर्मोस्टॅटची टोकं एकमेकांना चिकटून बसली होती. यात कसलीच शंका नव्हती. अशी चिकटलेली टोकं मी आयुष्यभर पाहत आलो होतो, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर त्याला मी सगळ्यांसमोर फाडून खाल्लं असतं.

दुसरा ऑस्कर अजून जिवंत होता. थोरला, दादाचा लाडका. पाण्याच्या वर तोंड काढून तो कल्ले उघडत होता, मिटत होता, खूप वेळाने एकदा. मागच्या दारात पिंप भरलेलं होतं. चार तांबे गार पाणी हळूहळू ओतलं असतं, हवेचा पंप जोरात केला असता, तर कदाचित तो वाचला असता. मला हे तेव्हाही कळत होतं.

मी काय केलं, तर हीटरच्या डोक्यावरचा नॉब सत्तावीसवरून फिरवला आणि शेवटपर्यंत, चौतीसवर, नेऊन ठेवला. सुटलेलं सिलिकॉन नखाने खरवडून खिशात घातलं. नळी रुमालाने पुसली आणि हीटर पुन्हा पाण्यात, होता तिथे लावून टाकला.

असं का केलं? वहिनींना अडकवायचं असं मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो, पण त्या शपथेला काही अर्थ नाही. नॉब आपोआप फिरत नाही आणि घरात दुसरं कोण होतं? मला फक्त लाज वाटली होती. तांबोळीभाई काय म्हणतील, वहिनी काय म्हणतील, भट्टीवाल्याने मासे शिजवले म्हणून कारखान्यात किती दिवस हसतील. एवढंच डोक्यात होतं. मागे वळलो तेव्हा दादा माझ्याकडे बघत होता.

त्याने सगळं पाहिलं होतं. नॉब, खिसा, रुमाल, सगळं. त्याचे डोळे मोठे झाले होते, पण तो ओरडला नाही. त्याने डाव्या हाताचं बोट थोरल्या माशाकडे केलं. आधी त्याला बघ, असं. तेव्हा कुठे मी पिंपाकडे धावलो. तांब्या घेऊन आलो तोवर कल्ल्यांची हालचाल थांबली होती.

वहिनी साडेतीनला आल्या. कपाळावर हळदीकुंकू, केसांत गजरा, हातात तिळगुळाची पुडी आणि वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, तिळगूळ घ्या," आणि मग त्यांना टाकी दिसली.

"अगं बाई. हे काय झालं?"

"पाणी तापलं," मी म्हणालो. "नॉब चौतीसवर गेलाय."

मी एवढंच म्हणालो. 'कुणीतरी फिरवला' असंही म्हणालो नाही. पुढचं त्यांनीच केलं. वाटी टीपॉयवर ठेवली, दोन्ही हात तोंडावर नेले. "मी काल संक्रांत म्हणून सगळं झाकण पुसून काढलं. फडक्यानं. ते डोकं वर येतं ना, तेही पुसलं. माझ्या हातून फिरलं असेल. मला कळलंच नाही भाऊजी, मला कळलंच नाही."

"ना!" दादा ओरडला. बसलेल्या घशातून तो आवाज फार वाईट आला. "ना! ना! ना!" डावा हात तो माझ्याकडे करत होता, मग टाकीकडे, मग वहिनींकडे करून जोरजोरात नाही नाही असा हलवत होता. पुन्हा माझ्याकडे. इतकं स्पष्ट तो झटक्यानंतर कधी बोललाच नव्हता. परक्या माणसालाही कळलं असतं, पण वहिनींना सवय मला विचारायची होती.

"काय म्हणतायत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "म्हणतोय, कशाला हात लावलास."

वहिनी पलंगाजवळ खाली बसल्या आणि दादाच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागल्या. दादाने हात उचलला आणि गादीवर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. तो माझ्याकडे बघून आपटत होता. पायांशी बसलेल्या वहिनींना वाटलं, आपल्याला मारायला उचललाय. त्या म्हणाल्या, "मारा. मारा मला."

हीटर मी त्याच दिवशी घरी नेतो म्हणून उचलला आणि कारखान्याच्या भंगारात टाकला. तांबोळीभाई पुढे भेटले तेव्हा म्हणाले, "आणायचा होता ना, मी बघितला असता." मी म्हणालो, हरवला.

वहिनींनी नवे मासे आणले नाहीत. 'माझ्या हाताला यश नाही,' म्हणाल्या, आणि टाकी कुणाला तरी देऊन टाकली. दादासमोर नुसती भिंत उरली. पुढचे पाच महिने मी रविवारी जायचो तेव्हा एकच प्रकार व्हायचा. मी आलो की दादा अस्वस्थ व्हायचा, हात हलवायचा, ना ना करायचा. मी गेलो की शांत. वहिनींनी त्याचा अर्थ लावला होता. भाऊजी आले की ह्यांना बोलायला माणूस मिळतो आणि मग माझ्याबद्दलचा राग बाहेर पडतो, असा. त्या मला विचारायच्या, "अजून तेच म्हणतायत ना?" मी म्हणायचो, "सोडा हो, आजारी माणूस आहे." खोटं बोलायचीही गरज उरली नव्हती. पहिलं खोटंच रोजचं काम करत होतं. त्या त्याला भरवायच्या तेव्हा खाली मान घालून भरवायच्या. बत्तीस वर्षांचा संसार, आणि ही बाई नवऱ्याकडे वर नजर करून बघत नव्हती.

मग मी जाणं कमी केलं. कामाचं निमित्त सांगितलं.

जूनमध्ये दुसरा झटका आला. हॉस्पिटलमध्ये भेटायची वेळ चार ते सहा. तिसऱ्या दिवशी दादा जरा शुद्धीवर होता. खोलीत आम्ही तिघंच होतो. वहिनी खुर्चीवर बसून त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसत होत्या. दादाने डावा हात हळूहळू उचलला. त्याला फार श्रम पडत होते. तो हात त्याने वहिनींच्या डोक्यावर ठेवला, तिथेच राहू दिला, आणि माझ्याकडे पाहिलं.

त्याचे डोळे मला कळत होते. लहानपणी अंथरुणात पडल्या पडल्या कळायचे तितकेच. राग नव्हता त्यांत. तो मला सांगत होता की आता तू सांग. मी सांगू शकत नाही, तू सांग.

वहिनींनी मान न हलवता विचारलं, "काय म्हणतायत, भाऊजी?"

मी म्हणालो, "म्हणतोय, तुमची काही चूक नव्हती. तुमच्या हातून काही झालं नव्हतं."

पाच महिन्यांत मी पहिल्यांदा त्याचं बोलणं खरं सांगितलं. दादाने डोळे मिटून उघडले. 'हां.'

वहिनींनी डोक्यावरचा तो हात दोन्ही हातांत घेतला आणि माझ्याकडे बघून, रडता रडता, हसल्या.

"तुम्ही फार चांगले आहात भाऊजी," त्या म्हणाल्या. "मला बरं वाटावं म्हणून सांगताय. पण मला माहितीये ना, माझ्याच हातून झालं. ह्यांनी मोठ्या मनानं माफ केलं असेल, तेवढंच खूप."

आता फक्त एक वाक्य हवं होतं. नॉब मी फिरवला. तीन शब्द. दादा माझ्या तोंडाकडे बघत होता, मी ओठ हलवण्याची वाट बघत होता. सहाची घंटा होईपर्यंत तो वाट बघत राहिला. नर्स आली, म्हणाली, चला, वेळ झाली. मी उठलो. दादाने मान भिंतीकडे वळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

याला आता अकरा वर्षं झाली. वहिनी पुण्याला मुलीकडे असतात. मधूनमधून फोन करतात, माझ्या गुडघ्याची चौकशी करतात. मागच्या महिन्यात म्हणाल्या, नात मासे पाळायचे म्हणून हट्ट धरून बसलीय, पण मी नाही म्हटलंय, माझ्यामुळे पुन्हा एखादा जीव जायला नको. मी म्हणालो, बरं केलंत.